ऐकावे जनाचे
(एस. वाय. बी. ए.)

डोळ्यांना चष्मा लागला की माणूस विद्वान दिसू लागतो. आमच्या वर्गातल्या दोघीतिघींनी तर नंबर नसतानाही चष्मा लावून फोटो काढून घेतले आहेत! पण कानाला यंत्र लागलं की तोच माणूस एका दिवसात म्हातारा ठरतो. वस्तुतः दोन्ही उपकरणं एकाच जातीची. इंद्रियाची शक्ती कमी पडली की बाहेरून हातभार लावायचा, एवढंच दोघांचं काम. मग एकाला मान आणि दुसऱ्याची लाज, असं का? मला वाटतं, याचं मूळ आपल्या विनोदात आहे. आंधळ्याची आपल्याला दया येते, बहिऱ्याचं मात्र हसू येतं. ‘कुठं निघालात?’ असं विचारलं की बहिऱ्यानं ‘वांगी आणलीत’ म्हणायचं, हा विनोद अजूनही गॅदरिंगच्या नाटुकल्यात टाळ्या घेतो.

मला त्याचं हसू येत नाही. कारण आमच्या घरी वांग्यांचा हा विनोद रोज घडत होता.

आमचं घर इचलकरंजीचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं या गावाला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणू लागले. माझे वडील, आप्पा, तीस वर्षं साध्या मागावर आहेत. साधा माग म्हणजे धोट्याचा. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो आणि दर वेळी आपटतो. असे चाळीस माग एका पत्र्याच्या छपराखाली! आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, मागाच्या खोलीतला आवाज १०० च्या घरात जातो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे हा फरक चाळीस डेसिबलांचा नाही, दहा हजारपटींचा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा आणि त्यापुढं दर तीन डेसिबलांना वेळ निम्मा करावा, असा एक हिशेब शास्त्रज्ञ सांगतात. त्या हिशेबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. आप्पांची पाळी बारा तासांची असते.

खऱ्या मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरमध्ये गिरणीतल्या बाया ओठांच्या ठळक हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी एकमेकींशी बोलत. त्या बोलण्याला तिकडे ‘मी-मॉइंग’ असं नावच पडलं होतं. आमच्याकडे नाव नाही, पण बोलणं तेच. कांडी संपली, बीम आला, चहा आला, सगळ्याला खुणा आहेत. मागावर आप्पांचं कधी काही अडलं नाही. अडायचं ते घरी.

कारण घरी खुणा नव्हत्या, शब्द होते. आप्पा म्हणायचे, “ऐकाय येतंय गं, पर कळंना झालंय.” आम्हाला हे कोडंच वाटायचं. त्यातून कारखान्यातल्या जॉबरचं बोलणं त्यांना कळायचं आणि आईचं कळायचं नाही. त्यावरून शेजारीपाजारी काय बोलत असतील ते सुज्ञ वाचकांनी ओळखावं! याचं उत्तर पुढं समजलं. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसाळ पेशी असतात, एकेका कानात सुमारे पंधरा हजार. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि गोंगाटाचा मारा आधी त्यांच्यावरच होतो. आपल्या भाषेतले स्वर खालच्या पट्टीचे आणि दमदार, तर स, श, फ, त, क ही व्यंजनं वरच्या पट्टीची आणि नाजूक. व्याकरणात श, ष, स यांना आपण ऊष्मे म्हणतो. आप्पांच्या कानातून आधी हे ऊष्मेच गेले. ‘साखर संपली’ या वाक्यातले आ, अ, ई तेवढे पोचायचे. कुणीतरी बोलतंय हे कळे, काय बोलतंय ते कळत नसे. अर्थ वाहून नेतात ती व्यंजनं. बायकामुलांचे आवाज मुळातच वरच्या पट्टीतले, म्हणून घरातली माणसंच त्यांना सर्वांत आधी दुरावली.

अशा माणसाजवळ एकच ढाल उरते: हसायचं आणि मान हलवायची. आप्पा सगळ्याला “चालतंय की” म्हणू लागले. हळूहळू त्यांना विचारायचंच आम्ही सोडलं. घरात कर्ता माणूस होता आणि नव्हताही.

दोन वर्षांपूर्वी माझा बारावीचा निकाल लागला, त्याच आठवड्यात आत्याच्या सासरची मंडळी आली. टीव्ही चालू होता, तिघंचौघं एकदम बोलत होते. पाहुण्यांनी हसत हसत माझ्यासाठी एक स्थळ सुचवलं आणि यंदाच उरकून टाकू म्हणाले. त्यांचे हसरे चेहरे बघून आप्पाही हसले आणि म्हणाले, “चालतंय की.” झालं! शब्द गेला. दुसऱ्या दिवशी आप्पा आईला विचारत होते, “जत्रंला कधी निघायचं म्हनत हुते पाव्हणं?” तो शब्द माघारी घ्यायला आईला दोनदा आत्याच्या गावी जावं लागलं आणि हात जोडावे लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ती पायरी एका न ऐकलेल्या वाक्यापायी सुटत होती. परत आल्यावर आईनं ठरवलं, आता कानाला मशीन.

त्याआधी एका चुलतभावानं बाजारातून काहीशे रुपयांचं एक डबडं आणून दिलं होतं. ते सगळेच आवाज सारखे वाढवायचं. म्हणजे जे आप्पांना मुळात ऐकू येत होतं तेच अंगावर यायचं, आणि जे गेलं होतं ते गेलेलंच राहायचं. ते डबडं कोनाड्यात गेलं. म्हणून या खेपेला आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी आधी कानात मळ तर नाही ना आणि पडदा धड आहे ना, ते पाहिलं. मग श्रवणतज्ज्ञ बाईंनी आवाजबंद खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख हाती दिला. डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. आप्पांची रेघ पन्हाळ्याची पायवाट उतरावी तशी उतरत गेली होती. ५०० च्या पट्टीवर ३५ डेसिबल, ४००० च्या पट्टीवर ७५. चार हजाराशी खड्डा आणि पुढं किंचित चढ, ही गोंगाटानं गेलेल्या कानाची खूण, असं बाई म्हणाल्या.

सरासरी निघाली ५४. आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या अशी, की बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलची उणीव असेल तर तो माणूस ‘ऐकण्यास कमी’. गरजूंना यंत्रं देणारी केंद्र सरकारची ॲडिप योजना १९८१ पासून आहे, पण तिला चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. आप्पा कायद्यानं पुरेसे बहिरे नव्हते! आईनं कानातली सोन्याची फुलं पतसंस्थेत तारण ठेवली. दोन कानांच्या यंत्रांचे मिळून अडतीस हजार झाले. तेव्हापासून ‘कानातलं’ या शब्दाला आमच्या घरी नवा अर्थ आला आहे. “ह्यांचं कानातलं कुठं ठिवलंस गं?” असं आई बिनदिक्कत विचारते.

यंत्र निवडताना आम्हाला वाटायचं, महाग ते चांगलं आणि दिसणार नाही ते उत्तम. बाईंनी यंत्राऐवजी आप्पांचे हात पाहिले. तीस वर्षं सूत जोडून बोटांची टोकं घट्टे पडून बधिर झालेली. कानाच्या आत लपणाऱ्या यंत्राला पिवळ्या खुणेची १० नंबरची बॅटरी लागते, ती ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून फार मोठी नसते. ती त्या बोटांत ठरणार कशी? म्हणून कानामागं बसणारं आणि नारिंगी खुणेच्या १३ नंबरच्या बॅटरीचं यंत्र ठरलं. चार्जिंगवर चालणारीही मिळतात, पण आमच्या गल्लीतल्या विजेचा भरवसा काय? कानात मऊ लगदा भरून त्याचा साचा घेतला. कुठला आवाज किती वाढवायचा ते त्या आलेखावरून संगणकावर बसवलं आणि विकत घेण्याआधी घरी वापरून पाहायला दिलं. यंत्र दुकानातून निवडायचं नसतं. कान, हात आणि घर बघून निवडायचं असतं.

पण यंत्र म्हणजे जादू नव्हे. पहिल्या आठवड्यात आप्पा वैतागले. भांड्याला भांडं लागलं की दचकायचे, भाकरी चावल्याचा आवाज डोक्यात घुमतो म्हणायचे. बाईंनी सांगितलंच होतं, की कान यंत्र ऐकतं, पण अर्थ मेंदू लावतो, आणि त्याची सवय मोडलेली आहे. आधी शांत घरात दोन तास, मग चार, असं करत महिन्यानं ते दिवसभर राहू लागलं. कारखान्यात मात्र यंत्र नाही. तिथं आता कानात बोळे, कारण उरलेलं तरी राखलं पाहिजे.

त्याची उस्तवारी माझ्याकडे आहे. रात्री यंत्र कोरड्या कापडानं पुसायचं. साचा सोडवून कोमट साबणपाण्यात धुवायचा आणि नळीत पाण्याचा थेंब न ठेवता वाळवायचा. यंत्राला मात्र पाणी लावायचं नाही. बॅटरीचं दार उघडं टाकून ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं; पावसाळ्यात तर याला सुट्टी नाहीच. आमच्या घरात सुताचा रुवा उडत असतो, तो माइकच्या छिद्रात बसतो, म्हणून मऊ कुंचला. रविवारी डोक्याला तेल लावायच्या आधी यंत्र उतरवायचं. शिट्टी वाजू लागली तर साचा नीट बसलेला नाही किंवा कानात मळ आहे असं समजायचं. बॅटरी हवेवर चालते. तिची रंगीत पट्टी काढली की हवा आत शिरते, म्हणून मिनिटभर थांबून मगच ती बसवायची. पट्टी परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. आणि संपलेली चकती लहान पोरांच्या हाती लागू द्यायची नाही, कारण गिळली तर जिवावर बेततं.

घरालाही काही शिकावं लागलं. आधी हाक मारायची, मग समोर येऊन बोलायचं. एकानं एका वेळी बोलायचं. टीव्ही बंद. ओरडायचं नाही, कारण ओरडल्यानं स्वर वाढतात, व्यंजनं नव्हेत. तीस वर्षं आमचं घर ओरडत होतं. कॉलेजात पहिल्या दिवशी मी माझं नाव सांगितलं तेव्हा मागच्या बाकापर्यंत सगळे वळून बघू लागले होते, त्याचं कारण हेच. आता घर हळू बोलतं. आणि हो, भांडणंही होतात! आप्पांना कळतं म्हणजे न पटलेलंही कळतं. ‘चालतंय की’ बरंच कमी झालं आहे. पतसंस्थेचे हप्ते चालू आहेत, आईचे कान अजून मोकळेच आहेत.

गेल्या दिवाळीत आणखी एक स्थळ आलं. मी आत चहा टाकत होते. पाहुण्यांचं बोलणं संपलं, तेव्हा आप्पांनी टीव्ही बंद करायला लावला. मग म्हणाले, “आता फिरून सांगा, सावकाश.” पाहुण्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. आप्पांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला काय इचारताय? तिला इचारा.”