खोक्यावरचे हसू

१९७२ साली माझे मामा अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांनी आमच्यासाठी पिठाचा एक खोका आणला. त्या पिठाची धिरड्यांसारखी पॅनकेक होतात. खोक्यावर एका काळ्या बाईचे चित्र होते. डोक्याला कापडी पट्टी, भरलेले गाल आणि तोंडभर हसू! ‘आंट जेमायमा’ हे तिचे नाव. पीठ चार दिवसांत संपले. खोका मात्र मी पेन्सिली ठेवायला घेतला.

आमच्या वर्गात एक काळासावळा मुलगा होता. एकदा तो खोका त्याच्या तोंडाशेजारी धरून मी म्हणालो, “ही पाहा याची मावशी!” सारा वर्ग हसला. तोही हसला. मला वाटले, त्याला काही वाईट वाटले नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर त्या चित्राची हकीकत माझ्या वाचनात आली. मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ गावी १८८९ साली हे पीठ निघाले. त्या काळी अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची टवाळी करीत. अशाच खेळांत गाजलेल्या एका गाण्यातून हे नाव उचलले होते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या बाईंना त्या नावाने लोकांपुढे उभे केले गेले. त्या केंटकी राज्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या होत्या. त्या पॅनकेक भाजून देत आणि मळ्यांवरील जुन्या दिवसांच्या गोड गोष्टी सांगत. गुलामीचे दिवस गोड कसे असतील? पण पीठ खपायचे होते! त्या १९२३ साली वारल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला मात्र २०२० साल उजाडावे लागले.

आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. कायद्याने गुलामी १८६५ सालीच संपली होती. पण चित्रातली दासी हसतच राहिली. तिच्या डोक्यावरचे फडके गेले, १९८९ साली कानांत मोती आले. नाव तेच राहिले. अखेर २०२१ साली कंपनीने ते नावही टाकले.

ती बातमी वाचून मी त्या वर्गमित्राचा ठावठिकाणा शोधून काढला व त्याच्या घरी गेलो. खोक्याची आठवण काढून मी क्षमा मागितली. तो म्हणाला, “मी विसरलो नव्हतो रे. पण तेव्हा हसलो नसतो, तर तुम्ही सगळे अधिकच हसला असतात.”

मुलांनो, थट्टेच्या वेळी समोरचा हसला, तर त्याच्या डोळ्यांकडेही पाहत जा. पस्तीस वर्षे मुलांना शिकवूनही हा धडा मी त्या दिवशी शिकलो.