राजधानी हलेल हो, पण माणसं?

दक्षिण कोरियाची राजधानी सोल उत्तर कोरियाच्या सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. मग ती सरळ दक्षिणेला का हलवत नाहीत? नकाशा पाहिला की हा प्रश्न पडतोच.

पार्क चुंग-ही यांनी १९७७ मध्ये तसं जाहीरही केलं होतं. १९७९ मध्ये त्यांची हत्या झाली आणि ते बारगळलं. २०१२ पासून बरीच मंत्रालयं सेजोंगला गेली, पण ती मुख्यतः सोलवरचा भार कमी करायला.

मला मात्र राहून राहून जून १९५० मधली हकीकत आठवते. २५ तारखेला युद्ध सुरू झालं. २७ला राष्ट्राध्यक्ष सिंगमन री गुपचूप शहर सोडून गेले. रेडिओवर मात्र लोकांना धीर दिला जात होता! २८च्या पहाटे शत्रूला अडवायला त्यांच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला... पुलावर माणसं असताना. मागे राहिलेले अडकले. आणि सोल परत मिळाल्यावर त्यांच्यातल्याच कित्येकांवर शत्रूला सामील असल्याचा संशय घेतला गेला.

सरकार बुसानला गेलं म्हणून टिकलं, हेही खरं. युद्धात तसं करावंच लागतं. पण कायमचं जायचं? आज सोल आणि आसपास देशातली जवळपास निम्मी माणसं राहतात. फायली हलतील, मंत्री हलतील, एवढी माणसं कुठे नेणार? तोफांच्या टप्प्यात राज्यकर्तेही राहत असले, तर युद्ध टाळायची निकड त्यांनाही तेवढीच वाटेल. म्हणून निव्वळ भीतीपोटी राजधानी हलवू नये, असं मला वाटतं.