भिलारच्या ओसरीवर

लहान मुले बरोबर असली म्हणजे सहलीचा हिशेब मैलांनी न करता बैठकांनी करावा, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. महाबळेश्वरचे सात ‘पॉइंट’ एका दिवसात पाहून आलेली मुले घरी आल्यावर मोटारीत कोणाला किती वेळा ओकारी झाली एवढेच सांगतात. म्हणून गेल्या नाताळच्या सुटीत दोन दिवस कोठे जावे हा विषय घरात निघाला, तेव्हा मी भिलारचे नाव सुचविले. सुचविले मात्र, आणि लगेच जीभ चावली.

कारण सासूबाई. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. दुपारच्या जेवणानंतर पुस्तक हाती न घेता त्या कधी आडव्या झाल्या नाहीत. परंतु दोन वर्षांपूर्वी दृष्टिपटलाच्या विकाराने त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली. कडेचे दिसते, त्यामुळे घरात वावरतात, पायरी ओळखतात, परंतु ज्या शब्दाकडे पाहावे नेमका तोच धूसर डागाखाली जातो. वाचून दाखवू का, असे विचारले की “राहू दे, तुम्हांला कामे आहेत” हे ठरलेले उत्तर. विणकाम तेवढे चालू राहिले, कारण ते बोटांचे. अशा माणसाला पुस्तकांच्या गावी नेणे म्हणजे उपवास असणाऱ्यास पंगतीत बसविण्यासारखेच! हेही तसेच म्हणाले. जाऊबाईंनी वेण्णा तलावाचा पक्ष घेतला. शेवटी निकाल सासूबाईंनीच दिला. “भिलारलाच चला. तुम्ही वाचा, मी विणीन. तिथे निदान कोणी आरडाओरडा करणार नाही.”

पुण्याहून पाचगणी सुमारे शंभर किलोमीटर. वाईस ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही कृष्णेच्या घाटावर दशम्या सोडल्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावी उभे केले, ज्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, ते हेच गाव, असे मी मुलांना सांगू लागले. पण त्यांचे सर्व लक्ष पाण्यात खडे टाकण्याकडे होते. असो. पसरणीचा घाट लागला की विणकाम पिशवीत घालावे आणि मुलांच्या तोंडात आल्याची वडी द्यावी, एवढी सूचना भगिनींना करून ठेवते.

पाचगणीहून महाबळेश्वराकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडे आत गेले की भिलार लागते. दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीचे वाफे, त्यांवर काळ्या कागदाचे आच्छादन आणि त्यातून वर डोकावणारी पाने. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या पिकात या गावाचा वाटा मोठा. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने हेच गाव ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून खुले केले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली खरी, परंतु तेथे जुन्या पुस्तकांचा व्यापार चालतो; भिलारला पुस्तके विकावयाची नाहीत, बसून वाचावयाची आहेत, आणि तीही विनामूल्य. आरंभी घरे, देऊळ, शाळा मिळून पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके मांडण्यात आली. एका घरी चरित्रे, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्याकडे संतवाङ्मय, कोठे नुसते दिवाळी अंक. परक्याच्या घरात सरळ शिरून त्याच्या कपाटातले पुस्तक काढावयाचे, याचा संकोच आम्हां मोठ्यांनाच फार वाटला. मुले केव्हाच आत जाऊन बसली होती.

बालवाङ्मयाच्या घराच्या ओसरीवर आम्ही बैठक मारली. घरच्या बाईंनी चहा विचारला आणि सासूबाईंसाठी भिंतीकडेची खुर्ची उन्हात ओढून दिली. माझ्या हाती धाकट्याच्या स्वेटरची पाठ होती: बहात्तर टाके, पट्टीला दहा नंबरच्या सुया व वर आठ नंबरच्या. सासूबाईंकडे बाही. प्रवासात नक्षी घेऊ नये. सुलट-उलट एवढेच असावे, म्हणजे मूल हाक मारील तेव्हा उठता येते. हे शहाणपण मी जाऊबाईंना सांगत असतानाच तीन वर्षांच्या धाकट्याने माझी सुई उपसून घेतली आणि तलवार म्हणून अंगणात नेली. बहात्तरांपैकी निम्मे टाके गळाले. चार ओळी उसवाव्या लागल्या.

थोरला नऊ वर्षांचा. इंग्रजी शाळेत जातो. देवनागरी त्याला येते, परंतु जोडाक्षर आले की तो पान उलटतो; घरी यावरून रोज रडारड. त्या दिवशी सासूबाईंनी त्याला लोकरीची लड हातांत अडकवून समोर बसविले आणि स्वतः गुंडा करू लागल्या. हात अडकलेले, त्यामुळे पळता येईना. शेजारच्या बाकावर एक गोष्टींचे पुस्तक उघडे पडले होते.

“त्या पानावर चित्र कशाचे रे?” त्यांनी विचारले.

“विहिरीचं.”

“खाली काय लिहिलंय?”

त्याने मान वाकडी करून वाचले, “विहिरीचे पाणी स्वछ होते.”

“स्वच्छ. च ला छ लावलाय बघ.”

तो पाहतच राहिला. “आजी, तुला दिसलं?”

“ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “पुढे वाच. लड सैल सोडू नकोस.”

माझ्या सुया थांबल्या. मी मान वर करणार तोच जाऊबाईंनी माझा हात दाबला. पोरगा अडखळत होता, चुकत होता. सासूबाई शब्द दुरुस्त करीत होत्या आणि गुंडा फिरवीत होत्या. लड संपली तरी दोघांच्याही ते ध्यानात आले नाही. मधल्या मुलीने येऊन “मलाही पाहिजे” असे म्हणताच तिला चित्रे पाहावयास मांडीशी जागा मिळाली. आम्ही कितीदा विचारले होते, तेव्हा मात्र ‘कामे आहेत’! आमच्या विचारण्यात त्यांना उपकार दिसत असावा. या पोराला तर त्यांची गरज होती.

वेण्णा तलाव राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच ओसरीवर. निघावयाची वेळ झाली तेव्हा गोष्टीची अकरा पाने उरली होती, आणि पुस्तक तेथेच ठेवावयाचे असा नियम. थोरल्याने तोंड फुगविले. मी त्याला तळहातावर पुस्तकाचे नाव लिहून घ्यावयास सांगितले. पसरणीचा घाट उतरताना शेवट काय असेल यावर आजी-नातवंडांचा असा वाद जुंपला की आल्याच्या वड्या पिशवीतच राहिल्या.

तेच पुस्तक पुण्यास ग्रंथालयात मिळाले. रविवारी दुपारी मी माजघरात गेले, तेव्हा वाचन शेवटच्या पानावर होते आणि बाही मनगटापर्यंत आली होती. टाके मोजून देऊ का, असे मी विचारले. दोघांनीही मला गप्प बसविले.