बर्मिंगहॅमची दोन पाने

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरून लोकल पकडली की काही मिनिटांतच एक स्टेशन येते. त्याचे नावच ‘युनिव्हर्सिटी’. बाहेर पडताच लाल विटांचा, सुमारे शंभर मीटर उंच घड्याळाचा मनोरा दिसतो. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

ज्यांच्याकडे मी उतरले होते त्या आपा चिपळूणकडच्या. तीस वर्षे या शहरात राहूनही त्या विद्यापीठाच्या आवारात कधी गेल्या नव्हत्या. “तिथे आपलं काय काम?” असे म्हणतच त्या माझ्याबरोबर निघाल्या. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे या शहरात दर दहा माणसांत जवळपास तीन मुसलमान आहेत. आपल्या सर्वांचे काम असलेली एक वस्तू मात्र याच आवारात, म्युरहेड टॉवर नावाच्या इमारतीत, कॅडबरी रिसर्च लायब्ररीत आहे: कुरआन शरीफची चामड्यावर लिहिलेली दोन पाने.

होय, कॅडबरी म्हणजे चॉकलेटवालेच. त्यांच्या कारखान्याचे बोर्नव्हिल इथून दोनच स्टेशने पुढे आहे. त्या घराण्यातले एडवर्ड कॅडबरी क्वेकर पंथाचे. मोसुलकडून आलेले अल्फोन्स मिंगाना नावाचे ख्रिस्ती धर्मगुरू १९२० च्या दशकात त्यांच्याच पैशांवर मध्यपूर्वेत फिरून हस्तलिखिते जमवू लागले. आज त्या मिंगाना संग्रहात तीन हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. ईदला मुलांच्या हातावर आपण जे चॉकलेट ठेवतो, त्याच्या नफ्यातून हा खजिना उभा राहिला. आमचा ठेवा परक्यांनी नेला, असे म्हणायला जीभ वळवळते. पण नेला नसता तर आपण तो कसा ठेवला असता, या प्रश्नाकडे मी पुढे येणारच आहे.

वाचनकक्षाचे नियम कडक. बॅग कपाटात, पेन बंद, फक्त पेन्सिल. मी घरूनच वुजू करून निघाले होते. तिथल्या बाईंनी सांगितले, हात धुऊन कोरडे करा, मोजे नकोत. मोज्यांत बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि कड फाटते. आपा हळूच म्हणाल्या, “बघ, यांच्याकडेही वुजू आहे.” मी नंतरच्या काळातली एक साधी अरबी प्रत मागितली होती. ती फोमच्या उतरत्या उशांवर अर्धवट उघडी ठेवली, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. आपली रेहल हेच तर काम करते.

ती दोन पाने मात्र येईल त्याच्या हाती देत नाहीत. त्यांची स्वच्छ छायाचित्रे संगणकावर बघायला मिळतात, आणि ती खरोखर फुरसतीने बघावीत. पान साधारण साडेतेरा इंच लांब आणि दहा इंच रुंद. लिपी हिजाजी, म्हणजे उभे अलिफ थोडे उजवीकडे झुकलेले. जेर-जबर काहीच नाही, नुक्तेही मोजक्या ठिकाणी, बारीक रेघांसारखे. आयत संपली की ठिपक्यांचा छोटा पुंजका. आपांनी चष्मा पुसला आणि बोट पडद्यापासून लांब धरून अक्षरे लावायला सुरुवात केली. दोन ओळी अडखळल्या, मग एक ओळखीचा शब्द सापडला आणि पुढचे सगळे तोंडून आपोआप येऊ लागले. ते सूरह कहफ होते, गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा. आपा दर जुम्याला ती सूरह पढतात. दुसऱ्या पानावर सूरह मरियमचा शेवट आहे, मग एक रंगीत पट्टी, बिस्मिल्लाह आणि सूरह ताहाची सुरुवात, हजरत मूसा (अ.) यांच्या कथेपर्यंत.

ही पाने इथे कित्येक वर्षे होती, पण ती काय आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. दिसायला तशाच, पण दुसऱ्याच एका प्रतीच्या सात पानांबरोबर ती चुकून एकत्र बांधली गेली होती. अल्बा फेदेली नावाच्या इटालियन संशोधक बाईंनी पीएचडीच्या अभ्यासात अक्षरांचे वळण बारकाईने पाहिले आणि ही दोन पाने वेगळी असल्याचे दाखवले. मग चामड्याचा एक तुकडा ऑक्सफर्डला तपासणीसाठी गेला. जुलै २०१५ मध्ये निकाल जाहीर झाला: चामडे इ. स. ५६८ ते ६४५ या काळातले असण्याची शक्यता ९५.४ टक्के. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा काळ साधारण ५७० ते ६३२. त्या ऑक्टोबरात पाने याच आवारातल्या बार्बर इन्स्टिट्यूटमध्ये मांडली गेली. याच प्रतीची आणखी सोळा पाने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ती कैरोजवळच्या फुस्तात इथल्या हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्या मशिदीतली.

तेव्हा आपल्याकडे मोबाइलवर फिरलेले संदेश आठवत असतील. कोणी लिहिले, विज्ञानाने कुरआन सिद्ध केला. तिकडच्या काही वर्तमानपत्रांनी उलटेच छापले, की कुरआन पैगंबरांच्याही (स.) आधीचा निघाला. दोघांनीही घाई केली. ही तपासणी जनावर कधी मेले ते सांगते, शाई कधी लागली ते सांगत नाही. चामडे महाग, तयार करून काही काळ ठेवलेलेही असू शकते. दोन सूरहांमधली रंगीत पट्टी आणि आयतींच्या खुणा पाहून अनेक अभ्यासक, त्यांत सौदीतलेही, लिखाण हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळातले किंवा त्यानंतरचे मानतात. तसे असले तरी ही पाने जगातल्या सर्वांत जुन्या पानांपैकीच राहतात. मला यात खोट वाटत नाही. आपांनी ते पान वाचले ते पाठ होते म्हणून. चौदाशे वर्षांपूर्वीचा वाचकही तसाच वाचत असणार, कारण नुक्त्यांशिवायचे लिखाण आधी पाठ असलेल्यालाच नीट लागते. कागद आणि छाती दोन्ही लागतात, आणि माझा ईमान प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर टांगलेला नाही.

सूरह ताहा पाहताना मला हजरत उमर (रजि.) यांच्या बहिणीची, फातिमा (रजि.) यांची आठवण झाली. सीरतच्या प्रसिद्ध रिवायतीप्रमाणे त्यांच्या घरात ताहा लिहिलेले एक पान होते. संतापलेल्या भावाला ते हवे होते, आणि बहिणीने आधी अंग धुऊन ये म्हणून सांगितले. एका घरातले, एका बाईने जपलेले पान.

इथे मला आमचे घर आठवले, आणि ते सांगायला बरे वाटत नाही. नानीचा कुरआन कापडात बांधून माळ्यावर होता. पाने सुटली होती, ‘शहीद’ झाली होती. नानी गेल्यावर साफसफाईत आम्ही जुने सिपारे, पंचांगे, उर्दू मासिके अशा सगळ्याबरोबर ते गाठोडे बांधले आणि अदबीने खाडीत नेऊन ठंडे केले. अदब होती, यात शंका नाही. पण कुरआनच्या शेवटच्या कोऱ्या पानावर नानीच्या सासऱ्यांनी घरातले जन्म आणि मृत्यू लिहून ठेवले होते. कोण कोणत्या साली बोटीवर गेला, कोण परतला नाही, सगळे. आम्ही ते उघडून पाहिलेसुद्धा नाही. पुढे मामूंना घराण्याची माहिती हवी झाली तेव्हा ते पान आठवले.

शहीद पाने आदराने दफन करावीत, हे बरोबरच आहे. पण आधी एकदा उघडून बघायला काय हरकत होती? हाताने लिहिलेली प्रत आहे का, कोऱ्या पानांवर कोणाचे अक्षर आहे का, एवढेच बघायचे. आज तर फोनने फोटो काढायला दोन मिनिटे लागतात. जुनी प्रत कोरड्या सुती कापडात, पोटमाळ्याच्या ओलीपासून दूर ठेवावी, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र लावू नये. ती पिवळी पडते आणि शाई उचलते.

बाहेर पडलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. स्टेशनवर आपांनी चिपळूणला भावजयीला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. “अगं, अम्मीची ती पत्र्याची पेटी... हो, जिन्याखालची. रमजानच्या आधी साफसफाई काढशील ना, तिला हात लावू नकोस. मी आल्यावर आपण दोघी मिळून उघडू.”