लेगोलँडला जाताय? पोरांना पुढे चालू द्या!

आपल्या लहानपणी फॉरेन म्हणजे शेजारच्या काकांनी आणलेली चॉकलेटं, बस्स. आताच्या पिल्लांचा फंडा एकदम क्लिअर आहे. त्यांना देशबिश काही कळत नाही, त्यांना लेगोलँड कळतं! यूट्यूबवर बघून बघून राइड्स पाठ झालेल्या असतात. मग एक दिवस ऑफिसातून दमूनभागून आलेल्या आईबाबांपुढे डिमांड ठेवली जाते आणि लीव्ह, बजेट, ईएमआय अशी सगळी गणितं सुरू होतात.

माझ्या ताईकडे नेमकं हेच झालं. ताई आणि जिजू दोघंही आयटीवाले, घरी साडेसात वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. मी निघाले ‘माऊ’ म्हणून, म्हणजे मावशीचा शॉर्टकट. तुमच्यातही माझ्यासारखे हौशी मावश्या आणि काका असतीलच. त्यांना सोबत न्या, हा पहिला सल्ला. दोन पोरांमागे तीन मोठी माणसं हा अगदी परफेक्ट रेशो आहे. का, ते पुढे कळेलच.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना सोयीची लेगोलँड दोन. एक दुबईचं, २०१६ मध्ये सुरू झालेलं. दुसरं मलेशियातलं, २०१२ मध्ये सुरू झालेलं, आशियातलं पहिलं. ताईची कॉलेजची मैत्रीण सिंगापुरात असते, म्हणून आम्ही मलेशिया निवडलं. हे पार्क आहे जोहोर राज्यातल्या इस्कंदर पुतेरीला, म्हणजे सिंगापूरच्या खाडीपल्याड. तुआसच्या ‘सेकंड लिंक’ पुलावरून गेलं, तर बॉर्डर ओलांडल्यावर पार्क तसं जवळच. वेळ जातो तो इमिग्रेशनला. बसमधून दोनदा उतरायचं, एकदा सिंगापूर सोडताना आणि एकदा मलेशियात शिरताना, आणि दुसऱ्या खेपेला सामानासकट. झोपलेलं पोर खांद्यावर आणि बॅग हातात, अशी वरात असते. त्यामुळे बॅग एकच न्या आणि चाकांची न्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर केली. मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावंच लागतं, पोरांचंही. सिंगापूरमार्गे जाऊन परत सिंगापूरलाच यायचं असेल, तर तिथला व्हिसा एकाहून अधिक एन्ट्रीचा आहे ना, एवढं तिकीट काढण्याआधी बघून ठेवा. ही भानगड नको असेल, तर क्वालालंपूरहून जोहोर बारूच्या सेनाई विमानतळावर उतरता येतं.

आता मुद्द्याचं. लेगोलँड म्हणजे डिस्नेलँड नव्हे, आणि आपलं इमॅजिकाही नव्हे! पोटात गोळा आणणाऱ्या राइड्सची आस असेल, तर तुम्ही चुकीच्या गेटवर उभे आहात. हे पार्क बेतलंय २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. कॉलेजच्या ग्रुपने गेलात तर दुपारी दोनपर्यंत जांभया द्याल. या खेळण्याची सुरुवात झाली ती डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या छोट्याशा गावात, एका सुताराच्या वर्कशॉपमध्ये. ‘लेग गोट’ म्हणजे डॅनिश भाषेत ‘छान खेळ’, त्यावरून लेगो. आज मिळतो त्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात अजूनही फिट्ट बसतो. बिलुंडला लोक कारखान्यातली मॉडेल्स बघायला गर्दी करायला लागले, म्हणून १९६८ मध्ये तिथे पहिलं लेगोलँड उघडलं. थोडक्यात, आधी खेळणं आणि मग पार्क. हे डोक्यात ठेवलंत, तर तुमचा दिवस वाचेल.

आमच्या ताईचा कसा वाचला, ते सांगते. ती प्रोजेक्ट मॅनेजर. तिने प्रिंट काढून आणली होती. सव्वादहाला ड्रॅगन, पावणेअकराला ड्रायव्हिंग स्कूल, साडेअकराला लॉस्ट किंग्डम... प्रत्येक राइडपुढे टिक करायला चौकोन! तिकिटं, विमान, हॉटेल असा वर्षभराचा बोनस ओतलेला, त्यामुळे एकही राइड सुटता कामा नये. तिचंही बरोबरच होतं म्हणा.

पण भाचा अडकला ‘बिल्ड अँड टेस्ट’मध्ये. तिथे ठोकळ्यांच्या टाक्या असतात. आपण गाडी बनवायची, उतारावरून सोडायची, कुणाची पुढे जाते ते बघायचं. त्याची पहिली गाडी अर्ध्यातच पालथी झाली. त्याने चाकं बदलली. मग पुढचं वजन कमी केलं. मग मागे वाढवलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेजारी एक चिनी आजोबा नातवाला गाडी बनवून देत होते, त्यांच्याशी याची खाणाखुणांनी रेस लागली. जिजू घड्याळ बघत म्हणाले, ‘अरे, एवढे पैसे खर्चून ठोकळेच खेळायचे, तर घरी काय वाईट होतं?’

भाचा मान वर न करता म्हणाला, ‘घरी तुम्ही कुठे खेळता?’

जिजू काही बोलले नाहीत. दोन मिनिटांनी ते खाली बसले आणि टाकीत हात घालून चाकं शोधायला लागले. ताईने ती प्रिंट घडी करून पर्समध्ये टाकली. सव्वा तास आम्ही तिथेच होतो. ड्रॅगनच्या रांगेत उभं राहायची घाई मग कुणालाच राहिली नाही.

तेव्हा प्लॅन जरूर करा, पण तीन-चारच गोष्टी पक्क्या धरा. बाकीचा दिवस पोरांच्या मागे मागे चाला. माझ्या यादीत काय असेल?

‘रेस्क्यू अकॅडमी’ अजिबात सोडू नका. अख्ख्या कुटुंबाने फायर इंजिनात बसायचं, हाताने पंप मारून ते पुढे न्यायचं, ‘आग’ विझवायची आणि पंप मारत परत यायचं. इंजिन चालतं ते आईबाबांच्या दंडांवर! जिम लावून न जाणाऱ्यांची इथे पोल खुलते. ‘ड्रॅगन’ गोड आहे. आधी किल्ल्याच्या आतून सावकाश नेतो आणि मग एकदम बाहेर काढून पळवतो. पहिल्या रोलर कोस्टरसाठी अगदी बेस्ट. ‘लॉस्ट किंग्डम’ दुपारसाठी ठेवा, कारण ती छपराखाली आहे. ‘डायनो आयलंड’ला मात्र नखशिखान्त भिजायला होतं, तेव्हा मोबाइल सांभाळा.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोरं खरोखर स्टिअरिंग हातात घेऊन छोट्या रस्त्यावर गाडी चालवतात, सिग्नलला थांबतात (आपल्याकडच्या मोठ्यांनाही एकदा पाठवायला हवं!). पण तिथे दोन वर्ग आहेत. ३ ते ५ वर्षांच्यांचा वेगळा, ६ ते १३ वाल्यांचा वेगळा. दादाबरोबरच जायचं, असा हट्ट असलेल्या धाकट्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि इतर राइड्सना उंचीची अट असते. ती पार्कच्या साइटवर दिलेली असते. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून मुलांना दाखवा, ‘या वर्षी तुला या राइड्स, पुढच्या वर्षी त्या.’ तिथल्या उंचीच्या फळीपुढे उभं राहून रडारड होण्यापेक्षा घरातल्या चौकटीपुढे थोडी झालेली बरी. भाचीचा निकाल घरीच लागला होता, त्यामुळे तिथे ती मोठ्या ऐटीत सांगत होती, ‘माझी पुढच्या वेळी!’ मोठा राइडमध्ये, धाकटी बाहेर, तिच्याजवळ माऊ, आणि आई-बाबा दोघंही मोठ्याबरोबर. आता कळलं ना तिसरं माणूस कशाला?

मिनिलँड संध्याकाळी बघा. पार्कच्या मधोमध आशियातली शहरं ठोकळ्यांतून उभी केली आहेत, मूळच्या विसाव्या हिश्श्याच्या मापात. पेट्रोनास टॉवर्स दहा मीटरच्या जवळपास उंच आहेत. सिंगापूरचा मर्लायन आहे, आपला ताजमहालही आहे. मोठ्यांचा जीव इथे रमतो आणि पोरं बटणं दाबून बोटी नि गाड्या हलवत बसतात. इथे सावली मात्र फार कमी. जोहोर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. दुपारचं ऊन आणि दमटपणा मुंबईच्या मेची आठवण करून देतो, आणि बऱ्याचदा तीन-चारच्या सुमाराला ढग भरून येऊन धो धो कोसळतो. विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. म्हणून बाहेरच्या राइड्स सकाळी उरकायच्या. टोपी, रेनकोट, प्रत्येकाचा एक जादा टी-शर्ट आणि पाण्याच्या बाटल्या, हे सगळं मस्ट.

मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे पोरांच्या अंगातले साडेसात. पहिल्या दिवशी पार्क नकोच. दोन दिवस हाताशी असतील, तर दुसरा दिवस शेजारच्या वॉटर पार्कला द्या. तिथल्या ‘बिल्ड-अ-राफ्ट’मध्ये पाण्यावर तरंगणारे मोठे मऊ ठोकळे गोळा करून आपली ट्यूब सजवायची. आमची भाची तिथून बाहेर यायलाच तयार नव्हती.

कधी जायचं? सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोठ्या सुट्ट्या असतात, तेव्हा सगळं सिंगापूर पुलापलीकडे असतं. आपली परीक्षा संपल्यावर एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा बरा. आणि जुने ब्लॉग वाचून फसू नका. जोहोरमध्ये पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, ती १ जानेवारी २०२५ पासून शनिवार-रविवार झाली. त्यामुळे आता मंगळवार, बुधवार, गुरुवार यांपैकी दिवस निवडा, पण त्या तारखेला पार्क उघडं आहे ना, ते साइटवर बघूनच.

जेवणाचं टेन्शन शाकाहाऱ्यांना थोडं आहे. ‘नासी लेमाक’ म्हणजे नारळाच्या दुधातला भात, दिसायला साधा, पण त्यावर बहुधा सुकी मासळी असते. विचारून घ्या. रोटी चनाई मात्र पोरांना हमखास आवडते. आपल्या मलबार पराठ्याची बहीणच ती. जोहोर बारू शहरात तमिळ वस्ती बरीच जुनी, त्यामुळे रात्री केळीच्या पानावर भात-सांबार सहज मिळतं.

आता ही टिप फार जणांना माहीत नसते. घरातल्या लेगोच्या डब्यातली चार-पाच छोटी माणसं खिशात घालून न्या. पार्कमधल्या स्टाफच्या छातीवर लेगोची माणसं लावलेली असतात. मुलांनी जाऊन विचारायचं, ‘ट्रेड?’ आणि आपलं माणूस देऊन त्यांचं घ्यायचं. ते नाही म्हणत नाहीत. आमची भाची अनोळखी माणसाशी एक शब्द बोलत नाही, आईच्या ओढणीत तोंड लपवते. पहिल्या ट्रेडला मी सोबत गेले. दुसऱ्याला ती म्हणाली, ‘माऊ, तू इथेच थांब.’ आणि लांब, पार पाणपोईपर्यंत एकटी गेली. ताई हातातला फोन विसरून बघत राहिली. आल्यावर भाचीच्या मुठीत हिरव्या टोपीचा एक स्वयंपाकी होता. ती सबंध ट्रिप तो तिच्या उशाशी झोपला.

खरेदी शेवटी करा, नाहीतर बॅगा वाहत फिराल. आपल्याकडे लेगो महाग का, तर भारताने खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेली. म्हणून तिकडे हात सैल सुटतो. तरी किंमत आधी इथल्या दुकानात बघून जा आणि पार्कमध्येच मिळणाऱ्या सेट्सवरच पैसे घाला. मोठे खोके आणू नका. ठोकळे झिपच्या पिशव्यांत ओता, पिशव्या कपड्यांच्या मधे सारा, खोका हॉटेलातच ठेवा. जोडायची पुस्तिका हरवली तरी घाबरू नका, ती लेगोच्या साइटवर फुकट मिळते.