मदीन्यातील शेवटचे तीन दिवस

हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंचा प्रवास साधारण चाळीस दिवसांचा असतो. काहींचे विमान आधी मदीन्यात उतरते, काहींचे जिद्दात. थेरगावहून निघालेले आम्ही जिद्दामार्गे मक्केला गेलो, म्हणून मदीन्याचे आठ दिवस आमच्या वाट्याला शेवटी आले. हजचे अरकान पूर्ण झालेले, पाय सुजलेले, घसा बसलेला आणि मन अर्धे घरी. जियारतीची ठिकाणे मात्र राहिलेली, आणि बाजारही राहिलेला!

तीन दिवस उरले तेव्हा आमच्या खोलीत एकच विषय होता : कोणाला काय न्यायचे? डांगे चौकापासून काळेवाडीपर्यंतचे नातलग मोजून झाले. अजवा किती, सफावी किती, जानमाज किती, तसबीह किती. त्यात सामानाच्या वजनाची चिंता. सासूबाई पलंगावर बसून हे सारे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "खजूर पिंपरीच्या बाजारातही मिळतात गं. उहुद मिळणार आहे का तिथे?"

मग आम्ही दिवस वाटून घेतले. पहिला दिवस कुबाचा. इ. स. 622 मध्ये हिजरत करून आल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इथे मशिदीचा पाया घातला. मुक्कामावरून वजू करून निघावे आणि कुबात नमाज अदा करावी, तर उमराहइतका सवाब मिळतो, असे हदीसमध्ये आहे. मस्जिदे नबवीपासून पायी जाण्यासाठी आता खास रस्ता आहे. आम्ही चालत गेलो, गुडघेदुखीमुळे सासूबाई टॅक्सीने आल्या. तिथून मस्जिदे किबलतैन पाहिली. हिजरी सन 2 मध्ये किबला बैतुल मक्दिसकडून काबागृहाकडे वळला, त्या घटनेची ही आठवण.

दुसरा दिवस उहुदचा. जियारतीच्या बसला प्रत्येक ठिकाणी थोडाच वेळ मिळतो. माणसे उतरतात, फोटो काढतात, पुन्हा चढतात. म्हणून बसमध्येच मी बरोबरच्या बायकांना ती हकीकत सांगितली. शिक्षिकेची सवय, दुसरे काय! हिजरी 3, म्हणजे इ. स. 625. प्रेषितांनी (स.) एका छोट्या टेकडीवर पन्नास तिरंदाज उभे केले आणि बजावले, की आम्ही जिंकलो काय किंवा हरलो काय, हुकूम मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. शत्रू पळू लागला. लढाई संपली असे वाटून बहुतेक तिरंदाज गनीमतीचा माल गोळा करायला खाली उतरले. खालिद बिन वलीद तेव्हा मुसलमान झालेले नव्हते. त्यांनी घोडदळ घेऊन पाठीमागून हल्ला चढवला. सत्तर सहाबी शहीद झाले. हजरत हमजा (र.) त्यांतलेच.

ती टेकडी खरोखरच लहान आहे. तिच्या आसपास खजूर, तसबीह, सुरमा विकणारे बसलेले असतात. बायका बसमधून उतरल्या, विक्रेत्यांकडे पाहिले, एकमेकींकडे पाहिले आणि हसल्या. कोणाला काही सांगावे लागले नाही. आधी सगळ्या शहिदांच्या कब्रस्तानाकडे गेल्या. सासूबाई टेकडीवर चढू शकत नव्हत्या. त्यांनी खालीच उभे राहून सलाम पेश केला आणि बराच वेळ दुआ मागितली.

तिसऱ्या दिवशी हिजाज रेल्वेचे जुने स्टेशन पाहिले. पुष्कळ यात्रेकरू तिकडे फिरकतच नाहीत. सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या काळात दमास्कस ते मदीना असा सुमारे 1,300 किलोमीटरचा लोहमार्ग बांधला गेला. 1908 मध्ये तो मदीन्याला पोहोचला. त्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानातलेही होते. उंटांच्या काफिल्याला चाळीसेक दिवस लागणारी वाट काही दिवसांवर आली. पण पहिल्या महायुद्धात हा मार्ग उद्ध्वस्त झाला. भोसरीच्या कारखान्यात उमर गेलेले माझे पती तिथल्या वाफेच्या इंजिनापुढून हलेचनात. मक्का-मदीना वेगवान रेल्वे 2018 साली सुरू झाली. ज्यांनी त्या जुन्या मार्गासाठी आणे-पैसे दिले, त्यांच्यापैकी कितीजणांना मदीना पाहायला मिळाले असेल, हा विचार मनातून जाईना.

पुढे जाणाऱ्या भगिनींना एवढेच सांगेन : खरेदी मदीन्यात पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांतच उरका. रियाजुल जन्नतसाठी 'नुसुक' ॲपवर वेळ घ्यावी लागते, ती लवकर घ्या. जन्नतुल बकीमध्ये स्त्रियांना आत प्रवेश नसतो, बाहेरून सलाम पेश करा. निघण्याआधी सीरतचे एखादे पुस्तक घरात सर्वांनी मिळून वाचा. हकीकत माहीत नसेल तर उहुद हा नुसता डोंगर दिसतो. आणि शेवटचे दिवस थकव्याचे असतात हे ओळखून अंगात थोडी ताकद राखून ठेवा.

परतल्यावर आणलेले खजूर आठवडाभरात वाटून संपले. गल्लीतली मुले मात्र सासूबाईंकडून तिरंदाजांची गोष्ट अजून ऐकतात. अल्लाह प्रत्येकाला ही जियारत नसीब करो. आमीन.