गुन्हा ठरलेले आडनाव

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात, लॉख व्हॉइल सरोवराच्या टोकाला बॅल्विडर नावाचे चिमुकले खेडे आहे. तेथील चर्चच्या आवारात रॉब रॉय मॅकग्रेगरचे थडगे आहे. वॉल्टर स्कॉटच्या 'रॉब रॉय' या १८१७ सालच्या कादंबरीमुळे हे नाव घरोघरी पोचले आणि पर्यटकांची पावले या आडबाजूच्या गावाकडे वळू लागली. परंतु थडग्यापाशी थांबणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते, की रॉबच्या आयुष्यातील निम्म्याहून अधिक वर्षे हे आडनाव लावणे हाच गुन्हा होता!

गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. मुलींच्या नावात 'मॅक'च्या जागी 'निक' येते. ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे या हिरव्यागार दऱ्यांत या कुळाची वस्ती होती. पिढ्यानपिढ्या ते ती जमीन कसत, गुरे राखत. पण तिची राजसनद त्यांच्यापाशी नव्हती. सनदा मिळवल्या शेजारच्या बलाढ्य कॅम्बेल घराण्याने. लॉख ऑ सरोवराकाठचा किलहर्नचा पडका किल्ला त्या वैभवाची साक्ष देत आजही उभा आहे. पायाखालची जमीन गेली, तसे मॅकग्रेगर लुटालुटीकडे वळले.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रुइन येथे त्यांनी कहून घराण्याची अनेक माणसे कापून काढली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडची गादी स्वीकारायला लंडनला निघण्याच्या तयारीत होता. ३ एप्रिलला हुकूम निघाला: मॅकग्रेगर हे नाव नष्ट व्हावे, ते लावील त्याला मृत्युदंड. कुळाचा प्रमुख ॲलिस्टर याला सुखरूप इंग्लंडात पोचवण्याचे वचन आर्गाइलच्या कॅम्बेल सरदाराने दिले होते. त्याने वचन अक्षरशः पाळले! सीमेपलीकडे नेले आणि लगेच माघारी आणले. जानेवारी १६०४ मध्ये एडिनबरोत ॲलिस्टर फासावर गेला.

उरलेल्यांनी काय करावे? कुणी मरे झाले, कुणी ग्रँट, कुणी ड्रमंड, तर कुणी चक्क कॅम्बेल! १६६१ मध्ये बंदी उठली, पण १६९३ मध्ये पुन्हा लादली गेली. गुरांचा व्यापार करणाऱ्या रॉब रॉयलाही मग आईचे माहेरचे आडनाव लावावे लागले. तेही कॅम्बेलच होते. ज्यांनी जमीन घेतली, त्यांच्याच नावाचा आसरा! १७३४ मध्ये तो वारला, तेव्हाही बंदी कायमच होती.

अखेर १७७४ मध्ये ती कायमची रद्द झाली. तोवर पहिल्या हुकुमाला १७१ वर्षे लोटली होती. तरीही कूळ विस्कटले नव्हते. लॅनरिकच्या जॉन मरे यांना प्रमुख मानणाऱ्या पत्रावर ८२६ जणांनी सह्या केल्या. हे मरे बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेले होते. १८२२ मध्ये त्यांच्या घराण्याला मॅकग्रेगर हे नाव राजाज्ञेने परत मिळाले आणि त्याच वर्षी कुळाची संस्थाही स्थापन झाली.

सर्वांनीच मात्र जुने नाव परत घेतले नाही. दोन-तीन पिढ्यांत उसने नावच आपले होऊन जाते. म्हणून आज या दऱ्यांतून फिरताना मरे, ग्रँट किंवा ड्रमंड नावाचा कुणी भेटला, तर त्याचा मूळपुरुषही कदाचित ग्रेगरच असेल. राजाने कागदावरून नाव पुसले. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ओठांवरून मात्र ते त्याला पुसता आले नाही.